अस्वलाची बंदूक

बहरीनमध्ये अस्वल नाही. कधी नव्हतंही. सगळं बेट गाडीने तासाभरात संपतं आणि त्यात मी उंट, घोडे, मांजरी आणि माणसं एवढेच प्राणी पाहिले. तरी माझ्या संसाराची घडी विस्कटली ती अस्वलामुळे. असं मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मला काही हसू येत नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. आमच्या गावात घरटी एक माणूस आखातात असायचाच, कुणी दुकानात, कुणी ऑफिसात. माझा नवरा फिटर. जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत काही वर्षं काढल्यावर रिफा शहरातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने त्याला आपल्या बंगल्यावर घेतलं. गाड्या, पाण्याचे पंप, जनरेटर, एसी, जे बिघडेल ते याच्या गळ्यात. मालकाला तिकडे अरबाब म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. बंगल्याच्या मागे दोन खोल्या मिळाल्या, फॅमिली व्हिसा झाला, मी गेले, आमची मुलगी इंग्रजी शाळेत जायला लागली. मी अरबाबांच्या स्वयंपाकघरात हाताखाली म्हणून लागले आणि वर्षभरात सगळं स्वयंपाकघर माझ्या हाताखाली आलं.

अरबाबांना शिकारीचा नाद होता. बहरीनमध्ये शिकार कसली करणार, म्हणून ते कॅनडाला जायचे. बंगल्यात बंदुकांची एक वेगळी खोली होती, तिला कुलूप, तिचं लायसन्स, सगळं रीतसर. नवऱ्याचा हात पाहून अरबाबांनी ती किल्लीही त्याच्याकडे दिली. तेव्हापासून तो गुरुवारी संध्याकाळी त्या खोलीत बसायचा आणि मी मुलीला म्हणायची, तुझा बाप माझ्या सवतीकडे गेला.

सवत दिसायला मात्र ठेंगणी आणि जाडजूड होती. बाकीच्या बंदुका लांब नळीच्या, दुर्बिणी लावलेल्या. ही अमेरिकन रायफल आखूड, हिला दुर्बीण नाही. चापाच्या खाली लोखंडाची एक मोठी कडी. तिच्यात बोटं घालून ती खाली ढकलायची की आतलं काडतूस बाहेर उडतं, वर ओढायची की नवं आत बसतं. खटक्-खटक्. काडतूस माझ्या अंगठ्यापेक्षा जाड. नवऱ्याने मला एकदा दाखवलं होतं, त्या गोळ्यांची तोंडं चपटी असतात. मुख्य नळीखालच्या दुसऱ्या नळीत त्या एकामागे एक झोपतात, टोकदार असल्या तर मागचीचं टोक पुढचीच्या बुडाला टोचेल आणि आतल्या आतच बार उडेल. मी मासे साफ करत होते. म्हटलं, मना काय करायचा हाय, मी काय अस्वल मारायला चालले? पण तो सांगायचाच. अस्वल लांब उभं राहून वाट बघत नाही म्हणे. झुडपातून निघतं आणि अंगणातून ओटीवर यावं तितक्यात अंगावर येतं. तिथे दुर्बीण काय कामाची? जड गोळी लागते आणि ती हुकली तर लगेच दुसरी लागते. म्हणून ही कडीची बंदूक.

या बंदुकीला बहरीनची हवा मानवत नव्हती. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे भिंतींनाही घाम सुटतो. एसीच्या खोलीतून लोखंड बाहेर काढलं की त्यावर पाणी धरतं, आणि ते पाणी खारं. एका रात्रीत तांबूस डाग. पण माझ्या नवऱ्याला खाऱ्या हवेचं कुणी शिकवायला नको होतं. माझे सासरे गावी खाडीत उतारूंची लाँच चालवायचे. खारा वारा लोखंड खातो, त्याला आधी चरबी खायला घाला, असं ते म्हणायचे. आमच्या घरात दाराच्या बिजागरीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं ग्रीसने चोपडलेलं असायचं; नवी नवरी होते तेव्हा माझ्या दोन साड्या त्यात गेल्या. त्या बंदुकीच्या पेटीत कंपनीने पातळ तेलाची एक छोटी बाटली दिली होती. नवरा ती बघून हसला होता. म्हणाला, ही काय अत्तराची कुपी? आणि त्याने बापाच्या पद्धतीने आतल्या प्रत्येक फटीत घट्ट ग्रीस भरलं. वर्षानुवर्षं त्या बंदुकीवर एक डाग पडला नाही. अरबाब पाहुण्यांना ती मुद्दाम दाखवायचे.

अरबाबांना मुलं बरीच, पण आमच्या घरात वावरला तो धाकटा. शाळेतून आला की आधी माझ्याकडे, तांदळाची भाकरी आणि तव्यावरचा मासा. मग चाचाकडे. चाचा म्हणजे माझा नवरा. तो बंदूक पूर्ण रिकामी करायचा, दोनदा बघायचा आणि मग पोराच्या हातात द्यायचा. पोरगं ती कडी खटक्-खटक् करत बसायचं, त्याला त्या आवाजाचंच वेड. बार काढायची त्याला हौस नव्हती. रस्त्यावरची मांजरं उचलून आणायचं, आईचा ओरडा खायचं. अरबाबांना तो मऊ वाटायचा. आमच्यासमोर कधी म्हणाले नाहीत, पण बापाची नजर लपत नाही.

पोरगा मोठा झाला, अमेरिकेला शिकायला गेला. एका सुट्टीत आला तेव्हा अरबाबांनी जाहीर केलं की या वेळी तो त्यांच्याबरोबर अस्वलाच्या शिकारीला येणार आणि कडीची बंदूक त्याच्या हातात असणार. दरवेळी अरबाब मे महिन्यात जायचे. या वेळी पोराच्या कॉलेजच्या सोयीने ऑक्टोबर संपताना निघाले. नवऱ्याने बंदूक उघडली, पुसली, आणि नेहमीपेक्षा जास्त ग्रीस भरलं, कारण ती पोराच्या हातात जाणार होती. मी फॉइलमध्ये भाकऱ्या बांधून दिल्या. पोरगा जाताना म्हणाला, "चाची, वापस आके हामूर खाऊँगा." हामूर हा तिकडचा मासा, त्याच्या आवडीचा.

फोन आला तेव्हा मी हामूरच साफ करत होते. वरच्या मजल्यावरून मालकिणीचा आवाज आला. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

पोराला पेटीतून आणलं. दफन झालं. तीन दिवस मजलिशीत, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या दालनात, माणसं येत होती आणि मी किटल्या भरभरून कडू कॉफी पाठवत होते. नवरा दाराबाहेर चपलांजवळ बसून होता. त्याला आत बोलावलं तरी तो आत गेला नाही.

मग हळूहळू काय घडलं ते कळलं. डोंगरात बर्फ लवकर पडलं होतं. वाटाड्याने सांगितलं म्हणून बंदूक रात्रभर तंबूच्या बाहेरच ठेवली होती, कारण उबेत आणली तर तिला पाणी सुटतं. पहाटे वाटाड्या आणि पोरगा निघाले. अरबाबांचा गुडघा दुखत होता, ते तंबूतच राहिले. झुडपातून अस्वल आलं ते थेट पोराच्या अंगावर. वाटाड्या मागे होता, त्याने अस्वल मारलं, पण वेळ निघून गेली होती. वाटाड्याने अरबाबांना जे पाहिलं ते सांगितलं. तुमच्या मुलाने बार काढलाच नाही. नुसती कडी खालीवर करत राहिला. तीन भरलेली काडतुसं बर्फात पडली होती. भीतीने असं होतं, भल्याभल्या शिकाऱ्यांचं होतं. बंदुकीत दोष नव्हता. दुपारी उन्हात वाटाड्याने स्वतः त्याच बंदुकीने बार काढून बघितला, पहिल्याच खटक्याला उडाला.

हे सगळं अरबाबांनी माझ्या नवऱ्याला बुदैयाच्या रस्त्यावर गाडीत सांगितलं. त्यांची तिकडे खजुराची बाग होती आणि त्या दिवसांत ते रोज तिथे जाऊन नुसते बसायचे. म्हणाले, "मैंने उसको मर्द बनाने भेजा. वो डर के मर गया." नवऱ्याने घरी येऊन मला हे सांगितलं आणि तो जेवला नाही.

मालकीण तर मला रोज विचारायची. ती तुटकं हिंदी बोलायची. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "डर गया था तो मुझे बुलाया होगा ना? मैं इधर सो रही थी." मी तिचा हात धरायची. तिला उत्तर नकोच होतं बहुतेक, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा यायची आणि तेच विचारायची.

बंदूक परत यायला काही महिने लागले. तिकडच्या पोलिसांचे सोपस्कार, मग इकडचे. आली तेव्हा अरबाबांनी पेटी उघडलीही नाही. नवऱ्याला म्हणाले, साफ कर आणि मला दिसणार नाही अशी ठेव. शुक्रवारची सकाळ होती. नवरा पेटी घेऊन बंदुकांच्या खोलीत गेला आणि थोड्या वेळाने माझ्याकडे स्वयंपाकघरात आला. चेहरा असा, की मी हातातली सुरी खाली ठेवली.

पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तीन काडतुसं होती. बार काढला की पिन काडतुसाच्या बुडावर आपटते आणि खोल खळगा पडतो, हे त्याने मला पूर्वी माशांसमोर शिकवलंच होतं. चाप ओढलाच नसेल तर बूड गुळगुळीत असायला हवं. या तिन्हींच्या बुडावर सुईने टोचावं इतपत ठिपका होता. तिन्हींवर. मुलीच्या कंपासपेटीतून त्याने तिचं निळं बॉलपेन उचललं, ते खटका दाबून उघडायचं असतं तसलं. मुलगी म्हणाली, "पप्पा, दॅट्स माय पेन. आय वॉन्ट इट बॅक, ओके?" तिला आमची बोली कळायची सगळी, बोलायची मात्र इंग्रजी. तो म्हणाला, देतो. त्याने पेन खोललं, आतल्या स्प्रिंगला आणि रिफिलला त्याच डब्यातलं ग्रीस चोपडलं, पुन्हा जोडलं, आणि अरबाबांच्या मोठ्या डीप फ्रीझरमध्ये माझ्या पापलेटांच्या मध्ये ठेवून जुम्म्याच्या नमाजाला गेला.

परत आल्यावर त्याने ते काढलं आणि माझ्यासमोर दाबलं. एरवी टक्कन बाहेर येणारं टोक सावकाश, आळस देत बाहेर आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच.

"पोर घाबरला नवता," तो म्हणाला. "तीनदा चाप ओढलान. पिन सरकलीच नाय. माझा ग्रीस गोठला."

मला कळायला वेळ लागला नाही. माझं डोकं चालू होतं, आणि मी बाईमाणूस, मला दोन खोल्यांचं घर दिसत होतं.

"तुमी काय बोलू नका," मी म्हटलं. "बंदूक इथं गरमीत परत ठीक झाली. कुनाला ठाव नाय. पोर काय परत येनार नाय. आपली पोर हाय इथं, तिची शाळा हाय. तुमाला जेलात टाकतील."

"त्याची आय तुला रोज काय विचारते?"

"तिला अल्ला सबर देल."

"आनि मना?"

मी ओरडले. खूप ओरडले. अस्वलाला, बंदुकीला, सासऱ्यांच्या लाँचला, बर्फाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. मी म्हटलं, तुम्ही जीव ओतून काम केलंत, हा तुमचा गुन्हा आहे का? मी तेव्हा जे बोलले ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. घर सांभाळणाऱ्या बाईने तेच बोलायचं असतं. आणि त्याने ऐकलं नाही तेही चूक होतं असं मी म्हणू शकत नाही. त्याने पेन पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवलं, अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर पेन रुमालात गुंडाळून तो मजलिशीत गेला. मी कॉफीचा ट्रे घेऊन मागोमाग गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

अरबाब एकटेच होते. नवरा त्यांच्या पायाशी गालिच्यावर बसला. त्याने आधी तीन काडतुसं ठेवली, बुडं वर करून. मग पेन त्यांच्या हातात दिलं. म्हणाला, अरबाब, दाबून बघा. अरबाबांनी दाबलं. टोक सावकाश बाहेर आलं. नवऱ्याने मग त्याच्या हिंदीत सगळं सांगितलं, एकही गोष्ट स्वतःच्या बाजूने न झुकवता. पोराने तिन्ही वेळा चाप ओढला. बार उडाला नाही म्हणून त्याने प्रत्येक वेळी कडी मारून नवी गोळी घेतली, जसं मी त्याला लहानपणी शिकवलं होतं तसं. त्याने जे करायचं ते सगळं बरोबर केलं. चूक माझ्या हाताची आहे.

अरबाब पेन दाबत राहिले. त्यांच्या तळहाताच्या उबेने ग्रीस सैल होत गेलं. टोक थोडं लवकर येऊ लागलं, मग आणखी लवकर, आणि शेवटी टक्कन, पेनासारखं. अरबाब त्या आवाजाला दचकले. मग म्हणाले, "वो डरा नहीं था?"

"नहीं, अरबाब."

"तीन बार मारा?"

"तीन बार."

ते उठले. गुडघा दुखत होता तरी जिन्यापर्यंत जवळजवळ धावत गेले आणि खालूनच बायकोला हाका मारत सुटले, "मा खाफ! मा खाफ!" म्हणजे तो घाबरला नाही. मालकीण वरून अनवाणी उतरली. तिने ऐकलं आणि जिन्यातच बसली, आणि मग माझ्याकडे हात पसरले. मी ट्रे खाली ठेवून तिच्याजवळ गेले. तिने माझ्या खांद्यावर तोंड दाबून सांगितलं, "उसने मुझे नहीं बुलाया. वो काम कर रहा था." ती रडत होती आणि तिला बरं वाटत होतं, दोन्ही एकदम. मीही रडत होते, पण मला बरं वाटत नव्हतं. मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते. तो गालिच्यावरच बसून होता.

अरबाब परत आले तेव्हा त्यांनी त्याला उठवलं, मिठी मारली, आपल्या माणसाला मारावी तशी. म्हणाले, "तूने मेरा बेटा मुझे वापस दिया." मग त्याला दूर केलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "अब जा. मेरे सामने मत आना. मैं नहीं देख सकता."

पोलीस आले नाहीत, जेल झाली नाही. व्हिसा तेवढा रद्द झाला. सामान बांधून आम्ही घरी आलो. विमानतळावर सोडायला अरबाबांनी आपली स्वतःची गाडी पाठवली, आणि मागच्या सीटवर मालकिणीने माझ्या मुलीसाठी खजुराचा डबा ठेवला होता. मुलगी वाटेत एकदाच बोलली. म्हणाली, "पप्पा, माय पेन?" त्याने खिडकीबाहेर बघितलं.

गावी आल्यावर त्याने पुन्हा ग्रीसचा डबा उघडला नाही. फिटर माणूस, लोक पंप घेऊन यायचे, लाँचवाले बोलवायचे. तो परत पाठवायचा. भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसला. आमची दारं करकरायला लागली, शिवणयंत्र अडलं, मी शेजारच्याला बोलावून तेल घालून घेतलं आणि त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत घरी आला नाही. सुरुवातीला मुलगी आपलं निळं पेन पुन्हा पुन्हा मागायची, पण घरात खटक्याचं पेन चालायचं नाही. मुलगी कॉलेजला गेली तरी टोपणाचं पेन वापरायची. का, ते तिने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. तो माणूस जगला, पाच वेळा नमाज पढला, माझ्याशी कधी वाकडा बोलला नाही. पण बहरीनहून मी ज्याला घेऊन आले तो माझा नवरा नव्हता, त्याची रिकामी पेटी होती. काही वर्षांनी तो गेला तेव्हा गावाने म्हटलं, हृदय बंद पडलं. मला ते नवीन नव्हतं.

त्यानंतरच्या रमजानमध्ये एक फोन आला. मालकीण होती. आवाज म्हातारा झालेला. तिने कुठून कुठून नंबर मिळवला होता. तिने विचारलं, "भाई कैसा है?" मी सांगितलं. ती म्हणाली, अरबाबही गेले, भाईच्या आदल्या वर्षी. आणि म्हणाली, ते निळं पेन शेवटपर्यंत त्यांच्या छातीच्या खिशात होतं. मजलिशीत माणसं असोत नसोत, ते दाबत बसायचे. टक्, टक्. मुलं वैतागायची, पण त्यांना तो आवाज लागायचा, तो ऐकला की झोप यायची.

मी फोन ठेवला. मुलगी माहेरपणाला आली होती, तिने विचारलं, "हू वॉज इट, मम्मा?" मी तिला तेव्हा सगळं सांगितलं, पहिल्यांदा, बंदुकीपासून पेनापर्यंत. ती ऐकत राहिली. मग उठून बापाच्या खोलीत गेली, पलंगावर बसली, आणि आमच्या बोलीत म्हणाली, जे ती कधी बोलत नसे, "मी त्याला किती वेला विचारला, माझा पेन कुठं हाय म्हनून."